झाकण उघडून बघ

ब्रेडचं यंत्र घरात आलं की त्याच्यासोबत एक समजूतही येते: सगळं साहित्य भांड्यात घालायचं, बटण दाबायचं आणि चार तासांनी ब्रेड काढायचा. दुकानदार तसंच सांगतो, खोक्यावर चित्रही तसंच असतं. सई, तुझ्याही डोक्यात तेच असणार, तर आधी ते काढून टाक. यंत्राला वेळ तेवढी कळते. किती मिनिटं मळायचं, किती वेळ फुगू द्यायचं, कधी भाजायला घ्यायचं, हे त्याच्यात भरून ठेवलंय. आज फोडलेल्या पुड्यातला मैदा किती पाणी पिणार, बाहेर पाऊस आहे की मे महिन्याचं ऊन, यीस्ट ताजं आहे की मागच्या दिवाळीचं, यातलं त्याला काही म्हणता काही समजत नाही. ते तुला बघायचंय, आणि त्याला फार तर दहा मिनिटं लागतात.

ही दहा मिनिटं पहिल्या मळण्यातली. माहितीपुस्तकात ‘यंत्र चालू असताना झाकण उघडू नये’ असं छापलेलं असतं, ते वाचून बायका घाबरतात. फुगताना आणि भाजताना ते अगदी खरं आहे, आतली ऊब गेली की ब्रेड बसतो. मळताना मात्र खुशाल उघड. फक्त पातं फिरत असताना हात आत घालायचा नाही. कडेचं पीठ खाली ढकलायला रबरी उलथनं वापर.

मळणं सुरू होऊन पाच-सात मिनिटं झाली की बघायचं. तोवर कोरडं पीठ ओलं होऊन एकत्र आलेलं असतं. एकच गुळगुळीत गोळा पात्याभोवती फिरतोय, भांड्याच्या कडेला जरा चिकटतो आणि लगेच सुटतो, यंत्र थांबवून बोट लावलं तर किंचित चिकट लागतं पण बोट स्वच्छ निघतं, असं असेल तर झाकण लाव आणि आपल्या कामाला लाग. गोळा घट्ट होऊन धडधड आपटत असेल, त्याचे दोन तुकडे होऊन फिरत असतील, यंत्र कण्हत असेल, तर चहाचा एक चमचा पाणी सोड. एकच. मिनिटभर थांबून मग दुसरा. याउलट तळाशी नुसता लपका झाला असेल आणि पातं त्यात पोकळ फिरत असेल, तर चमचाभर मैदा भुरभुरव. इथेही हात आखडता ठेव, कारण आणखी पाच मिनिटं मळल्यावर तोच लपका बऱ्याचदा आपोआप सावरतो.

आपल्या हाताला पोळीच्या कणकेची सवय असते आणि इथेच घोटाळा होतो. पोळीची कणीक लाटायची असते, म्हणून ती बेताची घट्ट लागते. ब्रेडचा गोळा तिच्याहून बराच सैल हवा, पुरणपोळीच्या कणकेच्या जवळ जाणारा. पोळीच्या अंदाजाने ‘छान मळलं गेलंय’ असं वाटलं, तर समज पाणी कमी पडलंय आणि ब्रेड बुटका होणार.

हे इतकं का, तर यंत्र ज्या पद्धतीने मळतं ती पद्धतच मऊ गोळ्यासाठी बेतलेली आहे. जपानच्या मात्सुशिता कंपनीत 1985 च्या सुमारास घरगुती ब्रेडयंत्राचं काम चालू होतं. ब्रेड बाहेरून करपायचा आणि आत कच्चा राहायचा. त्यांनी यंत्राने मळलेल्या आणि पाववाल्याने मळलेल्या पिठाचे क्ष-किरण फोटोसुद्धा काढून ताडून पाहिले, तरी उलगडा होईना. शेवटी इकुको तनाका ही त्यांची सॉफ्टवेअर करणारी बाई ओसाका इंटरनॅशनल हॉटेलातल्या मुख्य बेकरच्या हाताखाली शिकायला गेली. तिच्या लक्षात आलं, की हा माणूस पीठ नुसतं दाबत नाही, पीळ देत ताणतो. तो ताण यंत्रात आणायला भांड्याच्या आतल्या अंगाला उभे कंगोरे बसवले, आणि 1987 साली ते यंत्र बाजारात आलं. तुझ्या भांड्यात आत बघ, दोन-तीन उंचवटे असतील. गोळा त्यांना अडतो, पातं त्याला ओढतं, आणि मध्ये तो ताणला जातो. घट्ट गोळा अडतच नाही, गरगर फिरत राहतो. अगदी पातळ असेल तर घसरून जातो. म्हणून बघायचं.

आता माप. वाटी-कपाचा नाद सोड आणि वजनकाटा घे. मैदा चाळून हलक्या हाताने भरला तर कपात 120 ग्रॅम बसतो, तोच कप डब्यात खुपसून भरला तर 150 च्या घरात जातो. तीन कपांमागे 90 ग्रॅमचा फरक पडला, मग पाणी काय जुळणार! माझा नेहमीचा पांढरा ब्रेड असा: मैदा 400 ग्रॅम, पाणी 250 ग्रॅम (तेही काट्यावरच मोज), मीठ 7 ग्रॅम, साखर 15 ग्रॅम, तेल किंवा लोणी 20 ग्रॅम आणि इन्स्टंट यीस्ट 4 ग्रॅम. यंत्राच्या 750 ग्रॅमच्या खुणेला हे बसतं. मीठ आणि यीस्टसाठी मात्र स्वयंपाकघरातल्या साध्या काट्यावर विसंबू नकोस, इतकं थोडं वजन तो नीट दाखवत नाही. 5 मिलिलिटरचा मापाचा चमचा घे: सपाट भरलेलं इन्स्टंट यीस्ट साधारण 3 ग्रॅम भरतं, मीठ 6.

भांड्यात घालायचा क्रम बहुतेक यंत्रांत आधी पातळ पदार्थ, त्यात मीठ-साखर, वर पीठ आणि अगदी शेवटी पिठात खळगा करून यीस्ट असा असतो. काही यंत्रांत उलटं असतं, यीस्ट तळाशी किंवा झाकणातल्या वेगळ्या कप्प्यात. या एका बाबतीत पुस्तक सांगेल तसंच कर. काही यंत्रं बटण दाबल्यावर अर्धा तास ढिम्म हलत नाहीत, तेव्हा बिघडलं म्हणून दुकानात फोन करू नकोस. ती साहित्य एका तापमानाला आणत असतात.

मीठ विसरायचं नाही. तुझ्या सासऱ्यांचं पथ्य आहे हे मला माहीत आहे, पण मीठ गाळलंस तर यीस्ट बेफाम सुटतं, ब्रेड झाकणाला लागतो आणि भाजता भाजता मध्येच खचतो. त्यांच्यासाठी 7 चं 5 ग्रॅम कर आणि यीस्टही चिमूटभर कमी कर. त्याच्या खाली जाऊ नकोस.

पिठाबद्दल सविस्तर सांगते, कारण आपल्याकडच्या निम्म्या तक्रारी तिथून येतात. ही यंत्रं तिकडच्या ब्रेडच्या पिठावर बेतलेली, त्यात 12-13 टक्के प्रथिनं असतात. आपला मैदा बहुधा 9 ते 11 च्या मधला. पुड्याच्या मागच्या तक्त्यात 100 ग्रॅमला प्रथिनं किती ते छापलेलं असतं. दुकानात चार पुडे उलटून बघ आणि ज्यात जास्त असतील तो घे. सुटा मैदा नको, तो किती दिवसांचा आहे कोण जाणे.

गव्हाचं पीठ वापरायचं तर त्याचा स्वभाव समजून घे. चक्कीत दगडाखाली दळताना पिठातलं स्टार्च बरंच फुटतं, आणि फुटलेलं स्टार्च पाणी जास्त ओढतं. पोळीला ते वरदान, पोळी मऊ राहते ती त्यामुळेच. ब्रेडला मात्र पाणी वाढवावं लागतं, शिवाय कोंड्याचे कण फुगणाऱ्या जाळीला भोकं पाडतात. निम्मा मैदा, निम्मी कणीक घेतलीस तर 400 ग्रॅमला 285 च्या आसपास पाणी धर. सगळी कणीकच घ्यायची असेल तर 320 पर्यंत जाईल, आणि वर 20-25 ग्रॅम ग्लुटेन पावडर घाल, मोठ्या किराणा दुकानात मिळते. सगळ्यात उपयोगी पडतं ते भिजवणं: कणीक आणि पाणी भांड्यात कालवून अर्धा तास तसंच ठेव, कोंडा मऊ पडतो, मग बाकीचं घालून बटण दाब. इतकं करूनही तो मैद्याच्या ब्रेडएवढा उंच होणार नाही. तसा हट्ट धरू नकोस, चवीला तो कितीतरी उजवा असतो.

लोकवन चालतो, सिहोर चालतो. खपली आणू नकोस. खपली पौष्टिक आहे, तिची खीर मलाही आवडते, पण तिचं ग्लुटेन फार नाजूक. यंत्राच्या मळण्याने ते तुटतं आणि ब्रेडची वीट होते. ज्वारी, नाचणी, बाजरी घालायची तर 400 मध्ये 60 ग्रॅमच्या वर नको. त्यांत फुगवा धरून ठेवणारं काहीच नसतं, त्या पाहुण्या म्हणूनच बऱ्या.

तू नागपूरला, मी पुण्याला. माझं माप तुला मे महिन्यात जसंच्या तसं लागू पडणार नाही. मळून झाल्यावर गोळा 26-28 अंशांच्या आसपास असावा. मळताना घर्षणाने तो आणखी तापतो, आणि तुमच्याकडे बाहेर 44-45 असताना डब्यातलं पीठसुद्धा कोमट असतं. मग यीस्ट घाई करतं, यंत्र घड्याळाप्रमाणे थांबतं, आणि भाजायची वेळ येईपर्यंत गोळा फुगून थकलेला असतो. उन्हाळ्यात फ्रीजमधलं पाणी वापर, यीस्ट 4 चं 3 ग्रॅम कर आणि यंत्र पहाटे लाव. थंडीत कोमट पाणी घे, हाताला जेमतेम ऊब लागेल इतकंच. यीस्ट 60 अंशांच्या आसपास मरतं, आणि हाताला ‘गरम’ लागणारं पाणी त्या दिशेने बरंच पुढे गेलेलं असतं. पावसाळ्यात पीठच हवेतला ओलावा ओढून बसतं. 10-15 ग्रॅम पाणी मागे ठेव आणि गोळा बघून लागलं तर घाल. कोकणात तर हे चार महिने करायलाच हवं.

रात्री साहित्य भरून सकाळी ताजा ब्रेड, ही सोय आहे खरी. पण त्यात दूध, अंडं, ताक घालू नकोस, आपल्या हवेत ते रात्रभरात नासतं. यीस्टला पाणी लागणार नाही असं पिठाच्या वर ठेव. आणि उन्हाळ्यात ही सोय विसर.

यीस्टची शंका आली तर कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि चमचाभर यीस्ट घालून दहा मिनिटं थांब. वर जाड फेस आला तर ते जिवंत आहे. पुडी एकदा फोडली की हवाबंद डबीत फ्रीजरमध्ये; ओट्यावरच्या मसाल्याच्या रांगेत ते महिन्याभरात मंदावतं.

इतकं करूनही बिनसलं तर ब्रेडच सांगतो. माथा आत खचला असेल तर पाणी किंवा यीस्ट जास्त, नाहीतर खोली तापलेली. माथा छत्रीगत भांड्याबाहेर आला तर यीस्ट नक्की जास्त. बुटका आणि जड असेल तर पाणी कमी किंवा यीस्ट मेलेलं. जाळी मोठी आणि ओबडधोबड झाली तर बहुधा मीठ राहिलं. एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि काय बदललंस ते यंत्राच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेव. तीन गोष्टी एकदम बदलणाऱ्या माणसाला कशाने सुधारलं ते कधीच कळत नाही. तुझी आई त्यातली आहे, तिला विचार.

एका तासात ब्रेड देणारं बटणही असतं, त्याला हात लावू नकोस. त्यात यीस्ट दुप्पट पडतं आणि चव त्याचीच येते. चवीला वेळ द्यावा लागतो.

दूध घालायचं तर आपण तापवूनच वापरतो ते इथे कामी येतं. कच्च्या दुधातली काही प्रथिनं गोळा ढिला करतात, उकळल्यावर तो त्रास जातो. फक्त पूर्ण गार करून घाल. गूळ आवडत असेल तर पाण्यात विरघळवून आणि गाळून. कच्चा लसूणही गोळ्याचा जोर घालवतो, तेलात परतून घे. दालचिनी यीस्टला आवडत नाही, ती जपून. कोथिंबीर, मेथी धुऊन फडक्यावर चांगली सुकव, नाहीतर तुझं सगळं मोजलेलं पाणी फुकट. ओवा, तीळ, जवस यांचा काही त्रास नाही. यंत्र मध्ये शिट्टी देतं तेव्हा टाक.

शेवटचं मळणं झालं की, बहुतेक यंत्रांत भाजायच्या तास-सव्वा तास आधी, हाताला तेल लावून गोळा उचल, पातं काढून घे, गोळ्याच्या कडा खाली दुमडून गुळगुळीत बाजू वर करून परत ठेव. ब्रेडच्या बुडाला ते भलंमोठं भोक पडत नाही आणि माथाही एकसारखा येतो. वेळ हुकली तर राहू दे. फक्त कुणाला ब्रेड देण्याआधी पातं आत राहिलं नाही ना ते बघ. आमच्या शेजाऱ्यांना एकदा ब्रेडसोबत पातंही पोहोचलं होतं, आणि ते परत मागायला जाणं फार अवघड असतं.

यंत्राने शिट्टी दिली की ब्रेड लगेच काढ. आत राहिला तर स्वतःच्याच वाफेने त्याच्या कडा ओल्या आणि सुरकुतलेल्या होतात. जाळीवर निदान तासभर निवू दे. गरम ब्रेड कापायची घाई सगळ्यांनाच होते, पण आत अजून वाफ फिरत असते. कापला की चिकट गोळे होतात आणि भाजणं कच्चं राहिलं असा आळ यंत्रावर येतो. सुरी दातेरी घे आणि दाब न देता ओढ. भांड्यात सुरी-चमचा खरवडू नकोस, थोडं कोमट पाणी आत घालून ठेव. बाहेरून मात्र पाण्यात बुडवायचं नाही, खालच्या दांड्याजवळचं रबर जातं.

फ्रीजमध्ये ब्रेड लवकर शिळा होतो, बाहेर ठेवण्यापेक्षाही लवकर, कारण त्याच गारव्यात त्यातलं स्टार्च सगळ्यात वेगाने कडक होतं. दोन दिवसांपुरता बाहेर ठेव, बाकीच्याचे काप करून फ्रीजरमध्ये. काप थेट टोस्टरमध्ये किंवा तव्यावर टाकता येतात. दमट उन्हाळ्यात आणखी एक आजार होतो, तो ओळखायला शीक. ब्रेडला अतिपिकलेल्या खरबुजाचा गोडसर वास येतो, आत मऊ आणि चिकट पडतो, आणि तुकडा ओढला की बारीक तारा सुटतात. ती बुरशी नाही. पिठातल्या एका जिवाणूची बीजं भाजण्यातूनही तगून राहतात आणि उष्ण हवेत जागी होतात. असा ब्रेड भाजून खायचा विचार करू नकोस, सगळा टाकून दे. भांडं, सुरी, डबा व्हिनेगरने पूस. पुढच्या खेपेला 400 ग्रॅम पिठात एक मोठा चमचा व्हिनेगर घाल आणि तेवढं पाणी कमी कर. आंबटपणा जाणवत नाही, आणि त्या जिवाणूला आंबट सोसत नाही.

यंत्राकडून नसत्या अपेक्षा नकोत. इराण्याच्या ब्रूनची ती कडकडीत साल यंत्रात येत नाही, आतली हवा दमट असते. गोव्यातल्या पोदेराची कोंडा लावलेली पोई तर नाहीच नाही. पण नुसतं मळायचं आणि फुगवायचं बटण असतं ना, त्याला तोड नाही. मी अर्ध्या वेळा तेवढंच वापरते. गोळा काढून त्याचे लाडू वळ, तेल लावलेल्या ताटलीत जवळजवळ लाव, पुन्हा फुगू दे आणि ओव्हनमध्ये 200 अंशांना अठरा-वीस मिनिटं ठेव. लादीपाव तयार. पिझ्झाचा बेस, नान यांचंही मळणं त्यालाच दे.

राहता राहिली वीज. अमेरिकेहून कुणी यंत्र आणून देत असेल तर त्याच्या तळाशी लिहिलेलं वाच. तिकडचं 120 व्होल्टचं असतं, आपल्या प्लगमध्ये लावलं की एका क्षणात खलास. मोठा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, त्यापेक्षा इथलं घेतलेलं परवडतं. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर यंत्र चालवू नकोस, भाजताना ते 500-600 वॉट ओढतं. मध्येच वीज गेली तर बऱ्याच यंत्रांना दहा-एक मिनिटं आधीचं आठवतं, त्यानंतर ती पहिल्यापासून सुरू करतात. म्हणून बटण लगेच बंद कर, नाहीतर फुगत आलेला गोळा वीज आल्यावर पुन्हा मळला जाईल. गोळा तेल लावलेल्या डब्यात काढून, झाकून ठेव. दुप्पट झाला की मोठा कुकर घे, शिट्टी आणि रबर काढ, तळाशी वाटीभर मीठ पसरून वर जाळी ठेव आणि दहा मिनिटं तापव. मग डबा आत ठेवून मंद आचेवर चाळीस ते पन्नास मिनिटं. वरून रंग येत नाही. काप करून तव्यावर लोण्यात परतलेस की कुणी विचारणारही नाही.